युद्ध चालू होतं तेव्हा घरातल्या बायका काय करत होत्या? (अनुभव धागा)

आईची ट्रंक परवा उघडली. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी हात धजत नव्हता. तळाशी, तिच्या लुगड्याच्या घडीत दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, चीनशी लढाई झाली त्या 1962 सालची राष्ट्रीय संरक्षण निधीची पावती. सोन्याच्या दोन पाटल्या, वजन, तारीख, शिक्का. पाटल्या आईला तिच्या माहेराहून आलेल्या. मी त्या फक्त तिच्या लग्नाच्या फोटोत पाहिल्या आहेत. पावतीवर नाव मात्र वडिलांचं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक अर्धवट विणकाम. हिरवट खाकी लोकर, चार सुयांवर घातलेलं, बोगद्यासारखं. खालचा घेर मोठा, वर गळ्यासारखं निमुळतं, आणि मध्येच वीस-बावीस टाके सुईवरून उतरवून दोऱ्यात ओवून ठेवलेले. हे काय आहे ते मला कळलेलं नाही. मोजा नाही, स्वेटरची बाही नाही. कुणाला ओळखू आलं तर सांगा.

मी तेव्हा चार वर्षांची होते. आठवतं ते एवढंच, की घरात सगळे दबक्या आवाजात बोलत आणि रेडिओ लागला की आई पोळपाटावरचा हात थांबवून दारात येऊन उभी राही. पुढे मोठी झाल्यावर यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे शंभरदा ऐकलं. आमच्या घरातूनही काही तरी धावलं होतं, ते मला वयाच्या पासष्टीनंतर पावती सापडल्यावर कळलं. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटपेक्षा चोख नवे दागिने घडवणं बंद झालं. म्हणजे तशा पाटल्या पुन्हा करायच्या म्हटल्या असत्या तरी झाल्या नसत्या. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या आईने, आजीने, आत्याने, किंवा तुम्ही स्वतः, युद्धाच्या दिवसांत जे केलं ते लिहा. घरात केलेलं असो की वर्दीत. पदकं आणि भाषणं नकोत. हातांनी काय केलं, कुठल्या दिवसांत, आणि नंतर त्याचं काय झालं, तेवढं सांगा. नावं नका देऊ, नातं पुरे.

सातारा जिल्ह्यातून, एक नात

आमच्या बाजूला घरटी एक माणूस पलटणीत. अपशिंगे मिलिटरी गाव सगळ्यांना ठाऊक आहे, तिथले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. आमच्या भागात त्या युद्धाचे दगडही दिसतात, गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत एवढं कोरलेलं.

मी सांगतेय ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. आजोबा मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. आजी तेव्हा अठराची, पदरात एक मूल. सासरे दम्याने अंथरुणाला खिळलेले. चार एकर जिराईत आणि एक बैलजोडी. नांगर बाईने धरू नये असं मानत. आजीने धरला. पहिल्या वर्षी भल्या पहाटे, उजाडायच्या आत, कुणी बघू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी उजेडात.

त्यातच 1943 साल आलं आणि आमच्या भागात पत्री सरकार उभं राहिलं. आजीचा धाकटा भाऊ त्यात सामील झाला. आता बघा, नवरा सरकारच्या फौजेत, भाऊ सरकारविरुद्ध भूमिगत. महिन्याला आजोबांच्या पगारातली मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावाने. पोस्टमन अंगठा घेऊन पैसे मोजायचा. आणि त्याच पैशातल्या जोंधळ्याच्या भाकरी रात्री फडक्यात बांधून आजी उसाच्या फडात ठेवून यायची. भाऊ कुठे आहे ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. फडकं सकाळी रिकामं दिसलं की जिवंत आहे, एवढा हिशेब.

एकदा पोलीस आले. त्यांना आजीने आजोबांचं पत्र दाखवलं, पलटणीचा शिक्का असलेलं. "माझा धनी सरकारच्या लढाईवर हाय, आन तुमी माझं घर धुंडाळता?" पोलीस उंबऱ्यावरून परतले. हे ती फार रंगवून सांगायची, आणि सांगून झालं की गप्प व्हायची. भाऊ त्या वेळी माळ्यावर होता की नव्हता, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आजोबा परत आले. त्यांना पेन्शन झाली. मामाआजोबांना पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला. दोघांना जेवायला घालणारी ती एकच.

मुंबईतून, एक भाचा

माझी आत्या 1943 मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअरमध्ये गेली. हे दल इंग्रज सरकारने 1942 साली काढलेलं. बायकांनी कारकुनी, टेलिफोन, संदेश, गाड्या चालवणं अशी कामं घ्यायची, म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर जायला मोकळे. आत्या मॅट्रिक झालेली, इंग्रजी चांगलं, म्हणून टेलिफोनवर. वर्दीत खाकी साडी चालायची. आजोबांनी सहा महिने तिच्याशी बोलणं टाकलं. पगार मात्र दर महिन्याला तिने आजीच्या हातात ठेवला.

14 एप्रिल 1944 ला गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ती बोर्डावर बसलेली. दुपारचे चार वाजून गेलेले. पहिल्या स्फोटात खिडकीच्या काचा आत आल्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. ती सांगायची, बोर्डावरची सगळी भोकं एकदम पेटली. प्रत्येकाला इस्पितळ हवं होतं, बंब हवा होता, नाही तर आपलं माणूस. कुणाचं आधी जोडायचं हे ठरवायला वरचा अधिकारी जागेवर नव्हता. तिने आणि शेजारच्या अँग्लो-इंडियन मुलीने ठरवलं: आधी बंब, मग इस्पितळ, मग बाकीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवरून उठली तेव्हा कपाळावरचं रक्त वाळलेलं होतं. काच लागली होती हेच तिला माहीत नव्हतं.

"बाकीचे" हा शब्द तिला आयुष्यभर टोचत राहिला. एक बाई पुन्हा पुन्हा फोन करत होती, तिचा नवरा गोदीत हमाल-मुकादम होता. तिचा फोन आत्याने जोडला नाही. त्या आवाजाची नक्कल ती म्हातारपणी झोपेत करायची. आम्ही मुलं घाबरायचो.

युद्ध संपलं, दल बरखास्त झालं, आत्याचं लग्न ठरलं. वर्दीतला एकच फोटो होता. स्थळाकडच्यांना दाखवायच्या फोटोंतून तो बाजूला काढला गेला. पुढे तो कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.

पुण्यातून

आमच्याकडे 1965 म्हणजे सोमवार. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हटलं आणि आईने त्या दिवसापासून सोमवारी संध्याकाळी चूल पेटवली नाही. आम्हा मुलांना दुपारचं काही तरी झाकून ठेवलेलं असे. ती स्वतः पाणी पिऊन झोपे. लढाई सप्टेंबरात थांबली, शास्त्रीजी जानेवारीत गेले. आईचा सोमवार चालूच. आम्हाला वाटायचं शंकराचा उपास आहे. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "थांबवा म्हणून कुणी सांगितलंच नाही."

निवृत्त लष्करी परिचारिका (नातीने लिहून घेतलं आहे)

मी 1969 मध्ये मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये आले. आमची सर्व्हिस जुनी आहे. 1888 मध्ये पहिल्या दहा नर्स मुंबई बंदरावर उतरल्या, त्या इंग्रज होत्या. अधिकाऱ्याचा दर्जा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. माझ्या खांद्यावर लेफ्टनंटचे तारे होते. पण वॉर्डात, घरात, गावात, सगळीकडे मी "सिस्टर". त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते लोक विचारतात त्याचं, "म्हणजे तुम्ही तशा आर्मीत नव्हता ना?"

1971 ची लढाई 3 डिसेंबरला लागली, 16 ला संपली. लोकांच्या हिशेबाने तेरा-चौदा दिवस. माझ्या हिशेबाने दोन वर्षं. मी पुण्याला होते. ताज्या जखमा पुढच्या इस्पितळांत बघितल्या जायच्या. आमच्याकडे मुलं येऊ लागली ती नंतर, हॉस्पिटलच्या गाडीने, पाय गेलेली, हात गेलेले. पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र आहे, 1944 पासूनचं, म्हणून. बहुतेक सुरुंगावर पाय पडलेले. गुडघ्याच्या वरून गेला की खालून, हे आम्हाला चादरीवरूनच कळायचं.

सगळ्यांत कठीण वेळ रात्री दोन ते चार. तेव्हा नसलेला पाय दुखतो. खोटं नाही हे. पाय कापलेला असतो आणि त्याच पायाचा अंगठा ठणकतो, पोटरीत गोळा येतो. पोरं रडत नसत, दात खात. एक कोल्हापूरकडचा होता, वीस वर्षांचा. म्हणायचा, "सिस्टर, टाच खाजतीया." मी काय करणार? मी रिकाम्या जागेवर चादर नीट करायची आणि "आता?" विचारायची. कधी कधी तो म्हणायचा, "हां, आता बरं." औषधाचा डोस ठरलेला, तो मी वाढवू शकत नव्हते. चादर नीट करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पत्रंही आम्हीच लिहायचो. हात गेलेल्यांची तर लिहावीच लागायची, पण हात असलेलेही लिहायला सांगायचे, कारण आईला आपल्या अक्षरात कळवायची हिंमत नसायची. काय लिहायचं नाही ते मुलं आधी सांगत. "पायाचं लिहू नका. ताप आहे लिहा." मी ताप लिहिला. तीन महिन्यांनी आई भेटायला आली. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मलमपट्टी करताना वास यायचा, तो केसांत राहतो. मी केस कापले. सुटीवर घरी गेले तर माझ्या आईने केसांवरून रडारड केली. तिला काय सांगू?

धाग्यात विचारलंय, नंतर काय झालं. नंतर लाकडी पायावर ती मुलं चालायला शिकली, पडली, पुन्हा उठली. एकाने चालत येऊन मला सॅल्यूट केला. कडक. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत वॉर्डातून आलेला तेवढा एकच.

कुलाब्यात वाढलेली एक मुलगी

परिचारिका आजींचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आमचे बाबा नौदलात, 1971 मध्ये बोटीवर. आम्ही क्वार्टर्समध्ये. खिडक्यांना काळा कागद, दाराशी वाळूची बादली, मोटारींचे अर्धे दिवे काळे रंगवलेले. पत्राला निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावावं लागायचं, ते लावायचं काम माझं. हे सगळं मुलांना मजेचं वाटे.

9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. आमच्या वसाहतीत बातमी आली ती नाव-गाव नसलेली, नुसती "एक बोट गेली". कुठली ते कळेपर्यंत प्रत्येक घरात तीच बोट. आई आणि मजल्यावरच्या बायकांनी त्या वेळी एक गोष्ट केली, ती मला आज समजते. त्यांनी सगळ्या दारांच्या कड्या काढून ठेवल्या. कुणाचंही दार आतून बंद नको. सगळ्या मुलांचं जेवण एका घरात. कुणाकडेही जीप थांबली तर ती बाई एकटी असता कामा नये.

जीप आमच्या जिन्याखाली थांबली. वर येताना बुटांचा आवाज प्रत्येक मजल्यावर मोजला गेला. ती आमच्या वरच्या मजल्यावर गेली. आईच्या तोंडून सुटकेचा श्वास आला, तो मी ऐकला, आणि तिने लगेच स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि वर धावली. पुढचे तेरा दिवस ती त्याच घरात झोपली. त्या श्वासाबद्दल ती मला पन्नास वर्षांनी बोलली. "तेवढं एक देवाने ऐकलं नसेल तर बरं," म्हणाली.

कच्छमध्ये नोकरी केलेल्या एक बाई

माझी बदली काही वर्षं भुजला होती. माधापर तिथून अगदी जवळ. डिसेंबर 1971 मध्ये भुजच्या धावपट्टीवर बॉम्ब पडून खड्डे झाले. हवाई दलाकडे माणसं कमी, मजूर मिळेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपल्या नागपूरकडचे. त्यांनी गावाकडे मदत मागितली. माधापरच्या तीनशेच्या आसपास बायका आल्या आणि 72 तासांत धावपट्टी पुन्हा विमान उतरेल अशी करून दिली.

मी तिथल्या काही जणींशी बोलले आहे. तेव्हा त्या साठी-सत्तरीच्या होत्या. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी फार साध्या. भोंगा वाजला की बाभळीच्या झुडपांत पळायचं, थांबला की परत यायचं. वरून दिसू नये म्हणून धावपट्टीवर शेणाचा सडा. अंगावर हिरवट, मळकट साड्या. काही जणी तान्ही मुलं शेजारणीकडे टाकून आल्या होत्या. मी विचारलं, भीती नाही वाटली? एक म्हणाली, "वाटली ना. पण घमेलं डोक्यावर असलं की वर बघता येत नाही." (ती गुजरातीत बोलली, मराठी माझी.)

सरकारने बक्षिसाचे 50,000 रुपये दिले ते त्यांनी वाटून न घेता गावाच्या सभागृहासाठी दिले. स्मारक व्हायला मात्र 2015 उजाडलं. तोवर त्यांतल्या कितीतरी जणी गेल्या होत्या. मला याचा राग आहे, आणि तो मी इथे लिहून ठेवते.

पश्चिम महाराष्ट्रातून, एक वीरनारी

माझे मालक 1999 च्या जूनमध्ये कारगिलला गेले ते परत आले नाहीत. मी तेवीस वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. गावात आधी कधी झाली नव्हती एवढी गर्दी झाली. तोफा, पुष्पचक्र, पुढारी, कॅमेरे. पंधरा दिवसांनी अंगणात मी, सासूबाई आणि म्हैस.

मी काय केलं? कागद केले. खरंच, पाच वर्षं कागद केले. लग्नानंतर माझं नाव बदललं होतं. पलटणीच्या नोंदीत एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची पलटणीतली नोंद), पीपीओ (पेन्शनचा आदेश), प्रतिज्ञापत्र हे शब्द मी तेव्हा शिकले. एका कार्यालयात मला चौदा वेळा जावं लागलं. दर वेळी बाहेर बाकावर, मांडीवर मूल. आतून आवाज यायचा, "बरोबर पुरुष माणूस कोण आहे?" पंधराव्या वेळी मी म्हटलं, "होता. त्याचेच कागद आणलेत." त्या दिवशी काम झालं.

पैसे आल्यावर नात्यात बिनसलं. दिराशी पाट लावून टाका म्हणजे पैसा घरात राहील, असं उघड बोललं गेलं. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. स्वतःच्या लेकाविरुद्ध. म्हणाल्या, "एक लेक सरकारला दिला, सून कुणाला द्यायची नाय." त्यांना लिहिता येत नव्हतं, पण बँकेत खातं माझ्या एकटीच्या नावावर उघडायला त्या माझ्याबरोबर आल्या, आणि साहेबासमोर अंगठा देऊन मोकळ्या झाल्या.

आता आमच्या जिल्ह्यात कुणाकडे अशी बातमी आली की मी तेराव्यानंतर जाते. आधी नाही, आधी गर्दी असते. कागदांची पिशवी घेऊन जाते, कुठला आधी करायचा ते सांगते. आतापर्यंत एकवीस घरं झाली. साताऱ्याच्या स्वाती महाडिक नवऱ्यामागे स्वतः अकादमीत गेल्या आणि 2017 मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या, त्यांचा फोटो मी भिंतीवर लावलाय. मला ते जमलं नसतं. मला कागद जमतात.

नाव देत नाही

सगळ्या मोठ्या मनाचं लिहितायत म्हणून हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. माझ्या आईने 1962 मध्ये सोनं दिलं नाही. मोहल्ल्यात बायका ताट घेऊन फिरत होत्या. आईने गळ्यातलं, हातातलं आधीच काढून पिठाच्या डब्यात लपवलं आणि "आमच्याकडे नाही" म्हणाली. पुढे तेच विकून माझी डी.एड.ची फी भरली. शेजारच्या काकूंनी मंगळसूत्राच्या वाट्या दिल्या होत्या, आणि त्या काकूंसमोर आई कधी मान वर करून बोलली नाही. मी 33 वर्षं शिकवलं. आईला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, आणि काकूंना विसरताही येत नाही.

माजी लष्करी अधिकारी

डॉक्टर-परिचारिका सोडून बाकीच्या शाखांत आम्हा बायकांना 1992 नंतर दारं उघडली. मी पुरवठा सांभाळणाऱ्या शाखेत. ऑपरेशन पराक्रम, डिसेंबर 2001 ते ऑक्टोबर 2002. संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर जाऊन बसली, युद्ध न होता दहा महिने. मी राजस्थानात डिझेल, पाणी, शिधा बघत होते. उन्हाळ्यात टँकरच्या झाकणाला हात लावला की कातडं चिकटायचं. माझं काम आकड्यांचं: किती गाड्या, किती लिटर, किती वाजता. चुकले तर पुढच्या ठाण्यावर पाणी नाही. शौचाला जायला मी पहाटे साडेतीनला उठायचे, तीनशे माणसांत मी एकटी बाई. पाणी कमी प्यायचे, त्याचा त्रास मूत्रपिंडाला झाला, तो अजून आहे. हे कुठल्याही अहवालात आलेलं नाही, कारण मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "म्हणूनच बायका नकोत" असं झालं असतं.

आमची नियुक्ती ठरावीक मुदतीची, म्हणून 14 वर्षांनी बाहेर पडले. पेन्शनला 20 लागतात. बायकांनाही कायम नियुक्ती द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 17 फेब्रुवारी 2020 चा. त्या दिवशी मी मुलीच्या शाळेत पालकसभेत बसले होते. फोनवर वाचलं, बाहेर आले आणि व्हरांड्यात रडले. आनंदाने, हे आधी सांगते. 2022 पासून एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) मुली आहेत. मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी खडकवासल्याहून पास झाल्या. मी संचलन टीव्हीवर पाहिलं, उभी राहून.

धागाकर्ती

मी रोज रात्री वाचतेय आणि एकेकीला उत्तर द्यायला बसते, ते जमत नाही. पुणेकर ताई, तुमच्या सोमवारचं मी माझ्या सुनेला वाचून दाखवलं. नाव न देणाऱ्या बाई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमची आई या धाग्यात हवीच होती. माझ्या आईने पाटल्या का दिल्या असतील, तिला विचारलं गेलं होतं का, की वडिलांनी नुसत्या काढून घेतल्या, हा प्रश्न तुमचं वाचल्यावर मला पहिल्यांदा पडला. पावतीवरून ते कळत नाही.

विणकामाचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

सांगलीतून, निवृत्त शिवण-विणकाम शिक्षिका

उशिरा लिहितेय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

तुमचं वर्णन वाचताक्षणी ओळखलं. जवानांची कानटोपी आहे ती, डोळे-नाक उघडे राहतात तसली. 1962 मध्ये मी मॅट्रिकला होते. शाळेत बाईंनी लोकर वाटली आणि आम्ही वर्गात, मधल्या सुटीत, घरी कंदिलाजवळ त्याच विणल्या. खालचा मोठा घेर छाती-पाठीवर शर्टाच्या आत जातो, म्हणून तो रुंद. मग गळ्याला दोन सुलट दोन उलट, सहा बोटं उंच, अंगाला घट्ट बसावं म्हणून. मग हनुवटीखालचे वीस-बावीस टाके दोऱ्यात काढून ठेवायचे आणि उरलेले पुढे-मागे विणत डोक्यामागून वर न्यायचे. म्हणजे तोंडाची जागा मोकळी राहते. माथा मिटवला की ते दोऱ्यातले टाके पुन्हा सुईवर घेऊन तोंडाभोवती पट्टी करायची. तुमच्या आईचं काम नेमकं हनुवटीपाशी थांबलंय.

हे नवख्या हाताचं काम नाही. टाके दोऱ्यात घेताना पीळ पडू नये हे बघावं लागतं, माझे तर दर वेळी पडायचे. त्यांनी याआधी बऱ्याच टोप्या पुऱ्या केल्या असाव्यात. ही शेवटची असेल. 21 नोव्हेंबरला चीनने लढाई थांबवली, त्यानंतर आमच्याही शाळेतली उरलेली लोकर बाईंनी परत गोळा केली.

एक करा. सुया लोखंडी असतील तर गंजतील आणि लोकरीला डाग पडून ती तिथेच तुटेल. सुती दोरा टाक्यांतून ओवून घ्या, मग एकेक सुई हळू काढा. डांबराच्या गोळ्या लोकरीला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा वाळका पाला मलमलीत बांधून ठेवा. पुरी करायची असेल तर माझ्याकडे या, मी अजून विणते. नसेल करायची तर दोऱ्यातली गाठ तेवढी तपासा, 1962 मध्ये मारलेली आहे.